वारी आणि वार्ता

आषाढ जवळ आला म्हणजे नोकरीनिमित्त महाराष्ट्राबाहेर राहणाऱ्या मराठी माणसाची एक चमत्कारिक अवस्था होते. देह दिल्लीस, भोपाळास किंवा गुवाहाटीस खुर्चीवर बसलेला असतो, पुढ्यात टिपणे आणि मसुदे पडलेले असतात आणि मन मात्र दिवेघाट चढत असते. पूर्वी ही अवस्था मुकाट्याने सोसावी लागे. आता तसे राहिले नाही. दुपारच्या सुटीत डबा उघडता उघडता आमच्या शेजारच्या मेजावरील गृहस्थ खिशातून फोन काढतात आणि त्या वीतभर काचेवर सदाशिवनगरचे रिंगण त्याच क्षणी रंगलेले दिसू लागते. आम्ही तिघे-चौघे मराठी कारकून भोवती गोळा होतो. माउलींचा अश्व धावतो, कोणाचे तरी हात नकळत जोडले जातात आणि सुटी संपली की आम्ही पुन्हा आपापल्या फायलींकडे वळतो.

ही सोय आम्हांस हवीहवीशी वाटते, हे प्रथमच कबूल करतो. परंतु इंटरनेट नावाची जी नवी वाट आमच्या खिशातून निघून थेट पालखीच्या रथापर्यंत जाते, तीच वाट उलट दिशेनेही वाहती असते, हा विचार आमच्या मनात फार उशिरा आला. पाहणाऱ्यास तिने काय दिले, हे सर्वांस दिसते. चालणाऱ्यापासून तिने काय घेतले आणि त्याला काय दिले, याचा हिशेब मात्र क्वचितच कोणी मांडतो. तो मांडावयाचा तर थोडे मागे जाऊन, वारी आणि वार्ता यांचा संबंध पूर्वी कसा होता, येथून आरंभ करणे अवश्य आहे.

पंढरीची वारी ज्ञानदेव-नामदेवांच्याही आधीपासून चालत आली आहे, असे मानले जाते. पालखीचा सोहळा मात्र त्या मानाने अलीकडचा. तुकोबारायांचे धाकटे चिरंजीव नारायणमहाराज यांनी १६८५ साली तुकोबांच्या पादुका पालखीत ठेवल्या, आळंदीस जाऊन ज्ञानेश्वरांच्या पादुकाही त्याच पालखीत घेतल्या आणि दोन्ही संतांना बरोबर घेऊन पंढरीची वाट धरली, अशी परंपरा आहे. पुढे एकोणिसाव्या शतकाच्या पूर्वार्धात हैबतरावबाबा आरफळकर यांनी ज्ञानेश्वरमहाराजांची पालखी स्वतंत्रपणे नेण्याची प्रथा घातली. हे हैबतबाबा सातारा प्रांतातील आरफळचे. ग्वाल्हेरीस शिंद्यांच्या पदरी त्यांनी चाकरी केली आणि नंतर ती सोडून ते आळंदीस येऊन राहिले. आजच्या वारीला ज्यांनी घाट दिला ते पुरुष आपल्यासारखेच परप्रांती नोकरीस होते, ही गोष्ट आमच्या वाचकांस थोडी सुखावणारी वाटेल.

ग्वाल्हेरीहून बाबांनी जे आणले असेल ते पैशापेक्षा शिस्तीच्या रूपाने आणले, असे सोहळ्याची रचना पाहता वाटते. अंकलीच्या शितोळे सरदारांनी घोडे आणि तंबू दिले. दिंड्यांचा क्रम लागला. रथापुढे सत्तावीस दिंड्या आणि बाकीच्या मागे, अशी ही मांडणी आजही मोडत नाही. कर्णा वाजला की आवराआवर करावयाची, पुन्हा वाजला की आपापल्या जागी उभे राहावयाचे, तिसऱ्याने चालू लागावयाचे, हा नेम लष्करी तळावरचाच आहे. मुक्कामी समाज-आरतीसाठी दिंड्या गोलाकार उभ्या राहतात, चोपदार आपला दंड उंच करतात आणि हजारो टाळ एकदम थांबतात. ज्या दिंडीची काही तक्रार असेल ती तेवढी टाळ वाजवीत राहते, मग चोपदार तिच्यापाशी जाऊन गाऱ्हाणे ऐकतात. त्या दिवशी काय हरवले, काय सापडले, हेही याच वेळी सर्वांस सांगितले जाते.

आमच्या मते या तपशिलाचे महत्त्व मोठे आहे. लाखो माणसांचा समुदाय दोनअडीचशे किलोमीटर चालत न्यावयाचा तर वार्तेची काही तरी व्यवस्था असावीच लागते आणि वारीने ती स्वतःपुरती निर्माण केली होती. परंतु ही सारी वार्ता वारीच्या आतली होती. कोण मागे राहिले, कोणाची पिशवी सापडली, उद्या केव्हा निघावयाचे, एवढेच तीत असे. घरी काय चालले आहे, पेरणी झाली की नाही, सून बाळंत झाली की कसे, हे मात्र आळंदी सोडली की पंढरीहून परत येईपर्यंत कळण्याचा मार्ग नव्हता. वारकरी घरी दिसत नसे, आणि वारकऱ्यास घर दिसत नसे. हे वियोगाचे अठरा-वीस दिवस वारीचे अंग होते. किंबहुना ते तिचे व्रतच होते, कोणी कधी शब्दांत न सांगितलेले.

एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धात वाहतुकीची आणि निरोपाची नवी साधने एकामागून एक आली. मुंबई-ठाणे आगगाडी १८५३ साली सुरू झाली आणि पाच वर्षांत पुण्यास रूळ पोहोचले. बार्शी लाइट रेल्वेची अडीच फुटी रुळांची छोटी गाडी १८९७ साली धावू लागली आणि १९०६ साली ती पंढरपुरास जाऊन भिडली. आता पायी कोण चालणार, अशी शंका त्या काळी अनेकांच्या मनात आली असली तर नवल नाही. सरकारला मात्र यात्रेच्या गर्दीतून पटकीची साथ पसरण्याची चिंता अधिक होती. झाले ते निराळेच. गाडीने येणारा यात्रेकरूंचा नवा वर्ग निर्माण झाला आणि पायी चालणारे चालतच राहिले. ज्यांस देवदर्शन हवे होते त्यांची सोय झाली, ज्यांस वारी हवी होती त्यांस गाडीचा उपयोग नव्हता. फार तर परतीच्या प्रवासास ती उपयोगी पडू लागली.

टपालाची गोष्ट याहून बोधप्रद आहे. १८७९ साली एका पैशाचे पोस्टकार्ड निघाले आणि गरीब घरालाही परगावी निरोप धाडणे परवडू लागले. पाठोपाठ मनीऑर्डर आली. तारायंत्र त्यांच्याही आधी आले होते. या साधनांचा संचार साऱ्या देशभर झाला, परंतु चालत्या दिंडीत त्यांस फारसा शिरकाव मिळाला नाही. त्याचे कारण साधे आहे. टपालास पत्ता लागतो आणि चालणाऱ्या माणसाला पत्ता नसतो. आज वाल्हे, उद्या लोणंद, परवा तरडगाव! शिपायाने कोणाच्या हाती पत्र द्यावे? वारकऱ्याने एखाद्या मुक्कामाहून घरी कार्ड टाकावे, एवढेच शक्य होते. त्याचे उत्तर त्याला वाटेत मिळणे दुरापास्त होते. आकाशवाणी आली, १९७२ साली मुंबईस दूरदर्शन आले. त्यांनी पालखीची वार्ता घराघरांत नेली, परंतु घराची वार्ता पालखीत आणली नाही.

या एकतर्फी स्थितीची कसोटी पाहणारा एक प्रसंग १९६१ सालचा आहे. त्या वर्षी अधिक मास आल्याने आषाढी एकादशी जुलैच्या उत्तरार्धात पडली होती. १२ जुलै रोजी पानशेतचे धरण फुटले आणि पुण्यात हाहाकार झाला, तेव्हा पालख्या पुणे मागे टाकून पंढरीच्या वाटेवर होत्या. ज्यांची घरे शनिवारात, नारायणात किंवा मुठेकाठच्या अन्य पेठांत होती असे वारकरी त्या वाटेवर असणारच. पूर आल्याचे त्यांस तोंडोतोंडी कळले असेल, एस्टीतून उतरणाऱ्याने सांगितले असेल, एखाद्याच्या हाती वर्तमानपत्र पडले असेल. आपले घर उभे आहे की नाही, हे मात्र परत फिरल्यावाचून कळण्याचा उपाय नव्हता. आजचा वारकरी पाच मिनिटांत ते जाणून घेईल. त्या वेळच्या माणसाचे ते हाल आठवले म्हणजे 'पूर्वीचेच बरे होते' असे सरसकट म्हणण्याचे धैर्य आम्हांस होत नाही.

याच काळात शिकलेल्या वर्गाचे लक्ष वारीकडे वळू लागले. इरावतीबाई कर्वे यांचा 'वाटचाल' हा लेख 'परिपूर्ती'त आला आणि १९६२ साली त्याचे इंग्रजी रूप परदेशी अभ्यासकांपुढे गेले. दि. बा. मोकाशींचे 'पालखी' १९६४ साली प्रसिद्ध झाले. एकाच वाटेने चालणाऱ्या माणसांच्या पंगती जातीजातींनी वेगळ्या होत्या, हे इरावतीबाईंनी न लपविता लिहिले. या लेखनाचा उल्लेख करण्याचे कारण असे की, तेव्हा वारीचा अनुभव बाहेरच्यांस हवा असेल तर कोणी तरी चालून, परत येऊन, बसून लिहावे लागे. चालणे आणि सांगणे यांच्यात काही महिन्यांचे, कधी वर्षांचे अंतर पडे. त्या अंतरात अनुभव मुरत असे.

३१ जुलै १९९५ रोजी देशातील पहिले मोबाइल संभाषण कलकत्ता आणि दिल्ली यांच्या दरम्यान झाले. त्यानंतर दोनच आठवड्यांनी, १५ ऑगस्टला, विदेश संचार निगमाने सर्वसामान्यांस इंटरनेटची दारे उघडली. वारीच्या वाटेवर ही दोन्ही पोहोचावयास काही वर्षे लागली. २०११ च्या सुमारास 'फेसबुक दिंडी' निघाली आणि वारीची छायाचित्रे रोजच्या रोज जगभर जाऊ लागली. २०१६ नंतर इंटरनेटचा भाव इतका उतरला की खेड्यातल्या वारकऱ्याच्या कोपरीतही तो शिरला. आज दिंडीत हरिपाठाची पोथी उघडणारे आहेत, तसे तोच हरिपाठ काचेवर बोट सरकवून वाचणारेही आहेत. वाटेवरच्या गावांत पूर्वी पाणी, चहा आणि पायांस तेल, एवढी सेवा असे. आता लांब फळीवर विजेची बटणे बसवून शेकडो फोनांस वीज पुरविण्याची सेवाही लोक मोठ्या भक्तिभावाने करतात.

या नव्या साधनाचे वेगळेपण कशात आहे? आमच्या अल्पमतीस असे वाटते की, आगगाडीने माणूस नेला, टपालाने घरांस घरे जोडली, आकाशवाणीने एकाचे अनेकांस ऐकविले. परंतु पत्ता नसलेल्या, चालत्या माणसाला गाठणारे हे पहिलेच साधन होय. इतर साऱ्या साधनांनी वारीच्या कडा बदलल्या. हे साधन दिंडीच्या आत, दोन टाळकऱ्यांच्या मध्ये येऊन उभे राहिले.

तुलनेसाठी स्पेन देशातील सांतियागो दे कॉम्पोस्तेलाची पायी यात्रा घेऊ. तेथे यात्रेकरू बहुधा एकटा किंवा दोघेतिघे मिळून चालतो. त्याला वाट सापडावी म्हणून ओ सेब्रेरो गावचे धर्मोपदेशक एलियास वालिन्या यांनी १९८४ साली रंगाचा डबा घेऊन पिवळे बाण काढले आणि त्या मृतप्राय वाटेस नवजीवन मिळाले. शेवटचे शंभर किलोमीटर पायी चालल्याचे प्रमाणपत्र घेणारांची संख्या २०२४ साली पाच लाखांच्या घरात गेली. त्या वाटेवर फोनाने प्रथम बाणाची जागा घेतली. पुढचे गाव किती लांब, तेथे निजावयास जागा आहे की नाही, हे तो आधीच सांगतो आणि अनोळखी दारी जाऊन 'जागा आहे का' असे विचारण्याची गरज उरत नाही. आपल्या वारीत हा प्रश्नच नव्हता. वारकऱ्यास नकाशा लागत नाही. त्याच्यापुढे दिंडी असते, दिंडीपुढे पताका असते. तिकडे फोनाने वाट सोपी केली, इकडे त्याने वाटेवर घर आणून ठेवले. एकच यंत्र, परंतु ज्या यात्रेत जे नव्हते ते त्याने तिच्यात घातले.

घर वाटेवर येते म्हणजे काय होते, हे आम्हांस कोणा ग्रंथातून कळले नाही. ते २०१९ साली आमच्याच हातून घडले. आमच्या मातुःश्री वडिलांच्या पश्चात त्यांच्याच दिंडीतून वारी करीत असत. त्या वर्षी आम्ही त्यांस नवा फोन घेऊन दिला होता आणि रोज रात्री बोलावयाचे, असे वचन घेतले होते. पुण्याहून सासवडचा टप्पा तीसेक किलोमीटरांचा आणि मध्ये दिवेघाट. त्या रात्री फोन लागला नाही. दुसऱ्या दिवशीही लागला नाही. आम्ही दिल्लीत कार्यालयाच्या जिन्यात उभे राहून किती वेळा तो क्रमांक फिरविला, याची गणती नाही. दिंडीचालकांचा क्रमांक आमच्याजवळ नव्हता. तो घेऊन ठेवावा, असे सुचलेच नव्हते. अखेर आईचे छायाचित्र आणि 'हरवल्या आहेत, दिसल्यास कळवावे' असा मजकूर आम्ही चार ठिकाणी धाडला. तासाभरात तो शेकडो फोनांतून फिरू लागला.

तिसऱ्या दिवशी जेजुरीच्या वाटेवर दोन तरुण पोरे दिंडीत शिरली आणि आईचा हात धरून म्हणाली, "आजी, तुम्ही हरवलात ना?" आई आपल्या दिंडीत, आपल्या रांगेत, नेहमीच्या बायांबरोबर अभंग म्हणत चालली होती. फोन पिशवीत आणि पिशवी दिंडीच्या सामानाच्या ट्रकमध्ये होती. त्यातली वीज केव्हाच संपली होती. पोरांनी आपल्या फोनावरून आम्हांस जोडून दिले. आम्ही रागावून काहीबाही बोललो. ती शांतपणे म्हणाली, "अरे, मी हरवले नव्हते रे. मी चालत होते."

आम्हांस हायसे वाटले आणि ते वाटणे खोटे नव्हते. त्या पोरांचे उपकारही आम्ही विसरलेलो नाही. परंतु पुढचा वृत्तांत आम्हांस दिवाळीत घरी गेल्यावर कळला. त्या दिवसापासून दिंडीत तिला 'हरवलेल्या आजी' हेच नाव पडले. दिंडीचालकांनी तिला फोन गळ्यात अडकवून ठेवावयास सांगितले. तळावर पोहोचताच विसावा घेण्याऐवजी ती वीज कोठे मिळेल, हे शोधू लागली. रात्रीच्या कीर्तनातून उठून तिला आमच्याशी बोलावे लागे. "तुझे बाबा वारीला जायचे," ती म्हणाली, "तेव्हा मी काळजी करीत नसे. काळजी करून पोचायची कुठे? तिथी ठाऊक होती, त्या दिवशी वेशीवर पाणी घेऊन जायचे. आता तुला काळजी पोचवता येते, म्हणून तू करतोस." या बोलण्यावर आम्हांस उत्तर सुचले नाही.

पुढच्याच वर्षी प्रश्न उलटा होऊन समोर आला. महामारीमुळे २०२० साली पायी वारी झाली नाही. ३० जून रोजी संतांच्या पादुका एस्टीच्या गाड्यांतून, मोजक्या माणसांसह, पंढरपुरास नेण्यात आल्या. दुसऱ्या दिवशी एकादशी होती. २०२१ सालीही मोटारीच आल्या. या दोन वर्षांत वारी म्हणून जे काही लोकांच्या वाट्यास आले ते पडद्यावरूनच. गावी आईने तो फोन देव्हाऱ्याच्या फळीवर टेकवून ठेवला होता. गाडी फुलांनी सजविलेली दिसली, पंढरी दिसली, विठ्ठलाची मूर्ती इतक्या जवळून दिसली की गर्दीत इतक्या वर्षांत कधी तशी दिसली नव्हती. रात्री आम्ही विचारले, "आई, समाधान झाले का?" ती म्हणाली, "दर्शन झाले. वारी नाही झाली."

या पाच शब्दांत आम्हांस आमच्या प्रश्नाचे निम्मे उत्तर मिळाले. वारकऱ्याने दर्शनाचा हट्ट कधी धरलाच नव्हता. आषाढीस लाखोंची दाटी होते, गाभाऱ्यापर्यंत थोड्यांसच पोहोचता येते. बाकीचे चंद्रभागेत स्नान करतात, नामदेवपायरीवर डोके ठेवतात, कळसास हात जोडतात आणि कृतार्थ होऊन माघारी फिरतात. वारी या शब्दातच येरझार आहे, पुनःपुन्हा जाणे आहे. म्हणजे वारकऱ्यास जे सर्वांत कमी लागत होते तेच, मूर्तीचे रूप, इंटरनेट सर्वांत उत्तम रीतीने देते. आणि ज्यावाचून त्याचे चालत नाही ते चालणे त्यास मुळीच देता येत नाही. २०२२ साली पायी वारी पुन्हा सुरू झाली तेव्हा पडद्यावर भागते म्हणून लोक घरी बसले नाहीत. वाटा पुन्हा माणसांनी भरून गेल्या.

मग लाभ काहीच नाही काय? तसे म्हणणे कृतघ्नपणाचे होईल. गर्दीत खरोखरच चुकलेली म्हातारी माणसे आज लवकर सापडतात. छातीत कळ आली तर रुग्णवाहिका बोलाविता येते. पालखी कोठवर आली हे कळल्याने वाटेवरच्या गावांस अन्नाची तयारी वेळेवर करता येते. ज्या घरांतून पूर्वी सुनेला किंवा लेकीला एकटीने जाऊ दिले नसते, त्या घरांतूनही 'फोन जवळ आहे ना' या भरवशावर त्यांस परवानगी मिळते. ही गोष्ट स्वातंत्र्याची म्हणावी की लांब केलेल्या दोरीची, हे ज्याचे त्याने ठरवावे. आमच्या मते ती दोन्ही आहे.

२०२४ साली आईचे गुडघे थकले आणि तिच्या जागी आम्ही नऊ दिवसांची रजा काढून फलटणपासून दिंडीत चालावयास गेलो. निघताना ती म्हणाली, "पोचलास की सांग. मधे सांगू नकोस." आम्ही बरे म्हटले. सदाशिवनगरला रिंगणाच्या कडेस आमची जागा उत्तम होती. अश्व सुटण्यास अवकाश नव्हता, तोच खिशात फोन थरथरला. लेखापरीक्षणाच्या एका हरकतीस उत्तर त्याच दिवशी जावयाचे होते आणि फाइल सापडत नव्हती. आम्ही एका कानात बोट घालून, रिंगणाकडे पाठ करून, कोणत्या कपाटाच्या कोणत्या खणात ती आहे, हे समजावून सांगितले. मग नोंदवहीचा क्रमांक सांगितला. मग तोच पुन्हा सांगितला. वळून पाहतो तो अश्व धावून गेला होता आणि माणसे त्याच्या टापांखालची माती कपाळास लावीत होती. जे दृश्य आम्ही दिल्लीत बसून दरवर्षी पाहिले, ते सदाशिवनगरला वीस हातांवर उभे राहून आमचे हुकले.

दोष कोणास द्यावा? कार्यालयाचे काम खरे होते. फोन बंद ठेवणे आमच्या हाती होते आणि तो आम्ही बंद ठेवला नव्हता. रजेवर असलेल्या कारकुनासही पत्ता असतो, ही सवय आमच्या अंगात इतकी मुरली आहे की, पत्ता नसण्याचे अठरा दिवस मागण्याचे आम्हांस सुचतही नाही. हैबतबाबांनी चाकरी सोडली आणि मग वारी धरली. आम्हांस चाकरी सोडवत नाही, तेव्हा निदान तिच्यापासून थोडे दूर कसे राहावे, हे आमच्या पिढीस नव्याने शिकावे लागणार आहे. यंत्राने ते आपोआप होणार नाही. पूर्वी वियोग अपरिहार्य होता म्हणून कोणास तो पाळावा लागला नाही. आता तो इच्छेने पाळावा लागेल, उपवास पाळतात तसा. आणि हा उपवास चालणाऱ्या एकट्याने करून भागत नाही. घरी राहिलेल्यांनी, कचेरीत राहिलेल्यांनीही तो करावयाचा असतो. २०१९ साली जिन्यात उभे राहून फोन फिरविणारे आम्ही हा उपवास मोडणारांपैकीच होतो.

त्या सायंकाळी माळशिरसच्या तळावर आम्ही दिंडीचालकांचा क्रमांक घरी कळविला, फार निकड असेल तर तेथे सांगावे, असे लिहिले आणि आपला फोन बंद करून पिशवीच्या तळाशी ठेवला. पुढचे तीन दिवस काही विशेष घडले नाही. पाय सुजले, पाऊस आला, एका अनोळखी गृहस्थांनी आपली प्लॅस्टिकची घोंगडी अर्धी आमच्या डोक्यावर धरली. याचे एकही छायाचित्र आमच्याजवळ नाही.

वाखरीस पोहोचल्यावर फोन उघडला. कार्यालयाचे सात निरोप होते, फाइल सापडली होती. आईचा एकही नव्हता. तिला फोन लावला तेव्हा तिने पंढरीचे काही विचारले नाही, गर्दीचे विचारले नाही. "पाय कसे आहेत?" एवढेच तिने विचारले. आम्ही म्हणालो, "दुखतात." ती म्हणाली, "मग चाललास म्हणायचे."